आधी टर्फ, मग टीम

हॉकी इंडिया लीगमध्ये महाराष्ट्राचा संघ नाही. सात वर्षं बंद पडलेली ही लीग २८ डिसेंबर २०२४ ला पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांचे आठ संघ उतरले. दिल्ली, हैदराबाद, कलिंगा, बंगाल, तामिळनाडू, उत्तर प्रदेश, विशाखापट्टणमचा गोनासिका आणि पंजाब-हरियाणाचा सूरमा. महिलांची लीग तर पहिल्यांदाच झाली. तिचे संघ चार, आणि त्यातही आपण नाही.

आता सूरमाचे मालक कोण ते पाहा. जेएसडब्ल्यू. मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात. पैसा मुंबईचा आणि जर्सी पंजाब-हरियाणाची. हे ऐकून कुणाची अस्मिता उसळली तर मी समजू शकतो, पण मालकाचं काहीही चुकलेलं नाही. हॉकी जिथे पिकते तिथे त्यांनी पैसा लावला. चुकलं आहे ते आपलं, आणि ते संघ नसण्यात नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

संघ हवा म्हणणाऱ्यांना आठवण करून द्यायला हवी की संघ होता. एकदा नाही, अनेकदा होता.

२००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग आली. आयपीएलच्याही तीन वर्षं आधी. सत्तर मिनिटांचा सामना चार तुकड्यांत वाटला, टाइमआउट आणला, सामने टीव्हीवर आणले. आपला संघ मराठा वॉरियर्स, आणि त्यात धनराज पिल्ले. २००८ नंतर ती लीग संपली. २०१२ मध्ये वर्ल्ड सीरिज हॉकी आली. तिच्यात आपले दोन संघ, मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स. अंतिम सामना चर्चगेटजवळच्या महिंद्र स्टेडियममध्ये झाला, पुण्याला शेर-ए-पंजाबनं ५-२ असं हरवलं. एका हंगामात दुकान बंद, आणि खेळाडू थकलेल्या मानधनासाठी हेलपाटे घालत राहिले. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली तेव्हा मुंबई मॅजिशियन्स होते. प्रशिक्षक होते रिक चार्ल्सवर्थ, म्हणजे जगात ज्यांच्याकडून हॉकी शिकावी असा माणूस. तरी दोन्ही वर्षं संघ तळाला राहिला. २०१५ ला मॅजिशियन्स गेले, दबंग मुंबई आले. २०१७ ला दबंग मुंबईनं अंतिम फेरी गाठली, चंडीगडला कलिंगा लान्सर्सकडून हार पत्करली, आणि त्यानंतर लीगच बंद पडली.

बारा वर्षांत पाच नावं. या पाच नावांनी आमच्या ठाणे जिल्ह्यात काय सोडलं? एखादं प्रशिक्षण केंद्र? एखादी शाळेची स्पर्धा? कल्याणच्या एखाद्या पोराच्या हातात एखादी स्टिक? माझ्या पाहण्यात काहीच नाही. संघ आला, जर्सी आली, पोस्टर लागले, संघ गेला. ज्या मुलानं २०१७ चा तो अंतिम सामना दहाव्या वर्षी टीव्हीवर पाहिला, तो लीग परत आली तेव्हा सतराचा होता. हॉकीपटू घडायची सगळी वर्षं मधल्या मधे गेली.

म्हणून मी म्हणतो, पुन्हा संघ मागू नका. मैदान मागा.

हॉकीपटू मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर तयार होतो. महाराष्ट्रातली नावं घ्या. धनराज पिल्ले खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतला. मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन तिथल्याच मैदानावर भावंडं खेळली. त्यातला रमेश भारतासाठी खेळला आणि धनराज पुढे चार ऑलिंपिक खेळला. त्याच खडकीचे बाबू निमल १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या सुवर्णविजेत्या संघात होते. युवराज आणि देविंदर वाल्मीकी हे भाऊ मरीन लाइन्सचे. घरात अनेक वर्षं वीज नव्हती. २०११ मध्ये भारतानं एशियन चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली तेव्हा युवराजच्या घरच्या त्या अंधाराची बातमी झाली. पण महिंद्र स्टेडियम घरापासून पायी जाण्यासारखं होतं. वीज नसताना भारतीय संघ गाठता आला. टर्फ नसताना आला असता का?

मुलींचं पाहा. फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे. दोघी भारताच्या संघात पोहोचल्या. शेतकऱ्यांच्या घरातल्या मुली, गावात टर्फ नाही. मग त्या कशा पोहोचल्या? त्यांना पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत ठेवलं. राहायला वसतिगृह आणि शेजारी बालेवाडीचं टर्फ. मुलीला मैदानाजवळ नेलं तेव्हा मुलगी देशासाठी खेळली.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२१ मध्ये टोकियोला ४१ वर्षांनी पुरुष संघानं ऑलिंपिक पदक आणलं. २०२४ ला पॅरिसमध्ये पुन्हा आणलं. या दोन्ही संघांत महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता. शेवटचा होता देविंदर वाल्मीकी, २०१६ च्या रिओला. ज्या राज्याच्या राजधानीत आगा खान कप एकोणिसाव्या शतकापासून खेळला गेला, त्या राज्याची ही अवस्था आहे.

मुंबईचा दबदबा काय होता ते १९२८ ला विचारा. अॅमस्टरडॅम ऑलिंपिकला निघालेला भारताचा पहिला हॉकी संघ बोटीत बसण्याआधी मुंबईच्या संघाशी खेळला आणि ३-२ असा हरला. त्याला निरोप द्यायला धक्क्यावर तीन माणसं आली होती. त्याच संघानं पुढे ऑलिंपिकमध्ये एकही गोल न खाता २९ गोल केले आणि सुवर्णपदक घेऊन आला. त्या संघात अँग्लो-इंडियन खेळाडूंचा भरणा होता. देशभर रेल्वेच्या वसाहतींमध्ये तेव्हा हॉकी नांदत होती, कारण रेल्वेनं क्वार्टर्स बांधताना शेजारी मैदानही राखलं होतं. कल्याण हे असंच रेल्वेचं गाव. आज कल्याणच्या पोराला विचारा हॉकी कुठे खेळायची, तो मोबाइल काढून बॉक्स क्रिकेटचा स्लॉट दाखवेल.

डोंबिवलीत, कल्याणला जी मुलं मी हॉकी खेळताना पाहतो ती शाळा-कॉलेजच्या मुरमाच्या मैदानावर खेळतात. मुरमावर चेंडू सरळ येत नाही. खडा लागला की उसळतो, नडगीवर येतो. म्हणून मूल आपोआप स्टिक उभी धरायला शिकतं आणि चेंडू अंगाशी आला की मग थांबवतं. टर्फवर नेमकं उलट करायचं असतं. चेंडू सुसाट आणि सपाट येतो. कमरेतून वाकून, स्टिक जमिनीवर जवळजवळ आडवी टाकून तो अडवावा लागतो. उलट्या बाजूच्या कडेनं मारायचा फटका मुरमावर घोटताच येत नाही, मनगट आणि स्टिक दोन्ही जातात. ड्रॅग फ्लिकमध्ये चेंडू स्टिकच्या दांड्यावर घेऊन जमिनीवरून ओढत न्यायचा असतो, तो मुरमावर ओढला की पहिल्याच खड्ड्यात निसटतो. आंतरशालेय स्पर्धेत हा मुलगा टर्फवर उतरतो तेव्हा पहिली दहा मिनिटं त्याला चेंडू सापडतच नाही. तोवर दोन गोल झालेले असतात. प्रेक्षकांत कुणीतरी म्हणतं, या पोरांत दम नाही. दम भरपूर आहे हो. दहा वर्षं त्यांनी वेगळाच खेळ खेळलाय.

मग टर्फवर सराव करायचा तर जायचं कुठे? चर्चगेट. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडायची, सीएसएमटीला उतरायचं, आझाद मैदान आणि क्रॉस मैदान ओलांडून चालत जायचं. एका बाजूचा दीड तास. हातात साधारण तीन फुटी स्टिकची पिशवी. गर्दीच्या डब्यात ती उभी धरली तर पुढच्याच्या हनुवटीला लागते, आडवी धरली तर शिव्या बसतात. आणि गोलकीपर? पायाचे पॅड, किकर, छातीचं गार्ड, हेल्मेट, हातातले मोठे ब्लॉकर. ती बॅग घेऊन सकाळी साडेसातला डोंबिवलीला डब्यात शिरून दाखवा. शहरात चांगला गोलकीपर का तयार होत नाही याचं निम्मं उत्तर त्या फलाटावर मिळतं.

मुलींचा प्रश्न याहून अवघड. संध्याकाळचा सराव आठला संपला तर मुलगी साडेनऊला घरी. कुठली आई रोज हे सोसेल? पहिलं वर्ष वडील आणायला जातात. दहावीचं वर्ष आलं की स्टिक माळ्यावर. उदिता दुहानला लीगच्या लिलावात ३२ लाख मिळाले, महिलांमध्ये सगळ्यात जास्त. २६ जानेवारी २०२५ ला महिलांचा पहिला अंतिम सामना ओडिशा वॉरियर्सनं जिंकला. तो रांचीत झाला आणि झारखंडच्या, ओडिशाच्या, हरियाणाच्या मुलींसाठी एक रस्ता उघडला. ठाणे जिल्ह्यातली मुलगी त्या रस्त्याच्या तोंडापर्यंतही पोहोचत नाही, कारण तिला रात्री साडेनऊच्या आत घरी यायचं असतं. तिच्या आईवडिलांना दोष देणारे लोक मला भेटतात तेव्हा राग येतो. मैदान तिच्या रिक्षाच्या टप्प्यात असतं तर त्याच आईनं डबा भरून दिला असता.

लोकसंख्येचा एक हिशेब पाहू. ओडिशाचा सुंदरगड जिल्हा, हॉकी इंडियाचे अध्यक्ष दिलीप तिर्की यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे २१ लाख. ठाणे शहर आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिका मिळून तेव्हाच सुमारे ३१ लाख. सुंदरगडच्या १७ विकासगटांत प्रत्येकी एक टर्फ अंथरायचं काम ओडिशा सरकारनं हाती घेतलं. तिथलं राउरकेलाचं बिरसा मुंडा स्टेडियम वीस हजारांहून जास्त प्रेक्षकांचं, आणि परत आलेल्या लीगचे पुरुषांचे सामने तिथेच सुरू झाले. २०१८ पासून भारतीय संघांच्या छातीवर ओडिशाचं नाव आहे. त्या राज्यानं आधी मैदानं केली, मग लीग त्यांच्या दारात आली. आपण बारा वर्षं उलटं करून पाहिलं.

कुणी म्हणेल, ते आदिवासी पट्ट्यातले काटक लोक, तिथे हॉकी रक्तात आहे. रक्ताबिक्ताच्या गोष्टी मला पटत नाहीत. ठाणे जिल्ह्यात शहापूर, मुरबाड आहेत. डोंगरदऱ्यांत पळणारी मुलं आपल्याकडेही आहेत. त्यांच्या हातात स्टिक कोणी दिली?

दुसरा मुद्दा पैशाचा. लीगमध्ये पैसा किती आहे हे पालकांना खरं सांगितलं पाहिजे. २०२४ च्या लिलावात पुरुषांच्या प्रत्येक संघाला खर्चायला चार कोटी होते. आठ संघांचे मिळून ३२ कोटी. सगळ्यात महाग खेळाडू भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंग, ७८ लाख. पुढच्याच महिन्यात आयपीएलच्या लिलावात एकट्या ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले. शिवाय मालक टिकतील याची खात्री नाही. उत्तर प्रदेशचा संघ दुसऱ्या हंगामाआधीच बाहेर पडला. तेव्हा 'पोराला हॉकीत घाला, करोडपती होईल' असं जो क्लासवाला सांगेल त्याच्याकडे पोराला पाठवू नका.

पण हॉकीनं घर चालतं, हेही तितकंच खरं आहे. मुंबईत हॉकी वाढली ती रेल्वे, बँका, एअर इंडिया, तेल कंपन्या, महिंद्र, टाटा यांच्या संघांमुळे. खेळाडू कोट्यातून नोकरी, नोकरीमुळे खेळ. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. डोंबिवलीचा मध्यमवर्गीय बाप विचारतो, 'नोकरी लागेल का?' हा प्रश्न अगदी रास्त आहे. लीगचा चकचकाट दाखवण्याऐवजी शाळांनी त्याला हे उत्तर द्यावं.

ठाण्यात कबड्डीचं काय झालं ते आठवा. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली तेव्हा गल्लोगल्ली मंडळं आधीच होती, स्पर्धा होत्या, निवड चाचण्या होत्या. लीग आली ती या पायावर उभी राहिली, म्हणून टिकली. कबड्डीला तेरा बाय दहा मीटर जागा पुरते, हा तिचा मोठा फायदा. हॉकीचं मैदान ९१.४० बाय ५५ मीटर. कडेची मोकळी पट्टी धरली तर दीड एकराहून थोडं जास्त. घोडबंदर रोडला, पलावाच्या बाजूला दीड एकर म्हणजे काय याचा भाव सगळ्यांना तोंडपाठ आहे, त्यामुळे कोणी हा विषय काढत नाही.

जागा नाही, हे मला मान्य नाही. टॉवरमागून टॉवर उभे राहतात तेव्हा जागा असते. सभांना, महोत्सवांना, प्रदर्शनांना मैदानं लागतात तेव्हा ती असतात. डोंबिवलीच्या ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुलात महोत्सव भरतात आणि लोक आनंदानं जातात, मीही जातो. पण मांडव निघाल्यावर खिळे आणि खड्डे उरतात त्या जमिनीवर सोमवारी मुलं खेळायला उतरतात, हे आपण चालवून घेतो. एखाद्या मैदानावर वर्षभर फक्त खेळच होईल, असा नियम लागू करायला पैसाही लागत नाही.

महापालिकेला हॉकीचं टर्फ झेपणार नाही असंही सांगितलं जातं. पिंपरी-चिंचवड महापालिकेला झेपलं. नेहरूनगरचं मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम त्या महापालिकेचं आहे, आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा तिथे झाली. तीही कामगारांचीच वस्ती, तीही पुण्यासारख्या मोठ्या शहराच्या सावलीत वाढलेली महापालिका.

पाण्याचा आक्षेप मात्र खरा आहे. जुन्या पद्धतीचं टर्फ सामन्याआधी हजारो लिटर पाण्यानं भिजवावं लागतं. जिथे उन्हाळ्यात टँकर येतो तिथे मैदानावर पाणी ओतलं तर लोक चिडणार आणि त्यांचं चिडणं योग्यच. पण पॅरिस ऑलिंपिकसाठी पाणी खूप कमी लागणारं टर्फ वापरलं गेलं, आणि जागतिक हॉकी महासंघाची दिशा कोरड्या टर्फकडे आहे. नव्यानं टर्फ घालणाऱ्यानं तेच घालावं. सांडपाणी शुद्ध करून वापरण्याची सोयही मैदानाच्या आराखड्यातच धरावी.

दीड एकर आजच्या आज मिळत नसेल तर त्याहून लहान सुरुवात शक्य आहे. हॉकी फाइव्हज नावाचा पाच-पाच खेळाडूंचा प्रकार आहे. त्याचं मैदान पूर्ण मैदानाच्या निम्म्याहून लहान, एखाद्या मोठ्या शाळेच्या आवारात बसेल एवढं. २०२४ च्या जानेवारीत मस्कतला त्याचा पहिला विश्वचषक झाला, आणि भारताच्या मुली अंतिम फेरीपर्यंत गेल्या. ठाण्यात दोन, कल्याणला एक, डोंबिवलीला एक, अशी चार लहान टर्फ घातली तरी मुरमावरची दहा वर्षं वाचतील. स्टिक आडवी टाकायला मूल आठव्या वर्षी शिकेल. पूर्ण मैदान नंतर मागू, आणि तेव्हा मागणी करायला हातात खेळाडू असतील.

लीगवाल्यांनाही एक सांगायचं आहे. मुंबईचा संघ पुन्हा काढायला कोणी पुढे आलंच, आणि मुंबईची बाजारपेठ पाहता कधीतरी येईलच, तर हॉकी इंडियानं करारात एक अट घालावी. ज्या शहराचं नाव जर्सीवर, त्या शहराच्या परिसरात पहिल्या वर्षीच टर्फ आणि शाळांची स्पर्धा. शहराचं नाव फुकट मिळू नये. परत आलेल्या लीगचा पहिला हंगाम राउरकेला आणि रांची या दोनच गावांत झाला, हैदराबाद आणि तामिळनाडूच्या संघांना आपल्या गावात एकही सामना मिळाला नाही. तसाच कागदावरचा मुंबईचा संघ आला तर तो ठाण्याच्या पोरांसाठी टीव्हीवरचा आणखी एक कार्यक्रम ठरेल.

आणि वाचकहो, तुम्हाला विनंती. महापालिकेचं अंदाजपत्रक दरवर्षी मांडलं जातं. तुमच्या नगरसेवकाला भेटा, पत्र लिहा, सोसायटीच्या लेटरहेडवर लिहा, शाळेच्या पालकसभेत विषय काढा. मागणी एवढीच करा: आमच्या प्रभागातल्या एका मैदानावर हॉकीचं लहान टर्फ, त्यावर मांडव नाही, आणि संध्याकाळी पाच ते सात मुलींसाठी राखीव. ही मागणी पन्नास सोसायट्यांतून गेली तर तिला केराची टोपली दाखवणं कुणालाच सोपं जाणार नाही.